वाचक विचारतात : लुइझियाना विकलं कुणी, आणि १८१२ ला जिंकलं कोण?

मंडळी, गेल्या अंकात लुइझियानाच्या सौद्यावर दोन पानं दिली होती, म्हणजे १८०३ साली नेपोलियनने मिसिसिपीच्या पश्चिमेचा अवाढव्य मुलूख अमेरिकेला दीड कोटी डॉलरला विकून टाकला तो सौदा. त्यावर इतके प्रश्न आले की हे सदर या वेळी पूर्ण त्यालाच आणि त्या काळातल्या अमेरिकेला, म्हणजे १८१२ मध्ये इंग्लंडशी सुरू झालेल्या युद्धालाही, दिलंय. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि जयंती-पुण्यतिथीवाले प्रश्न पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न : एवढी जमीन एवढ्या स्वस्तात कोण विकतं? नेपोलियनला काय वेड लागलं होतं का? आणि अमेरिका तेव्हा नवीन देश, कर्जबाजारी, त्यांनी रोख पैसे आणले कुठून? (सांगलीहून एक वाचक)

वेड नव्हतं हो, हिशोब होता. जमीन साधारण ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे जवळपास सात महाराष्ट्र, आणि दर पडला एकरी तीन सेंटच्या आसपास. पण ही गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होत नाही, ती सुरू होते हैतीत, आणि शाळेच्या पुस्तकात नेमकं तेच गाळतात. हैती म्हणजे तेव्हाचं सेंट डोमिंग, फ्रान्सची साखरेची खाण, तिथले गुलाम उठले आणि तुसाँ लुव्हर्त्यूरच्या हाताखाली त्यांनी बेट ताब्यात घेतलं. नेपोलियनचा प्लॅन असा की बेट परत घ्यायचं, तिथे साखर पिकवायची आणि त्या बेटाला धान्य, लाकूड, मांस पुरवायला लुइझियाना वापरायचं, जे त्याने १८०० साली गुपचूप तह करून स्पेनकडून परत मिळवलं होतं. त्यासाठी सख्ख्या बहिणीचा नवरा जनरल लक्लेर याला फौज देऊन पाठवला. लक्लेरने बोलणी करायला म्हणून बोलावून तुसाँला दगाबाजीने पकडलं, फ्रान्सला धाडलं, तो तिथे डोंगरातल्या किल्ल्यात थंडीने आणि आजाराने एप्रिल १८०३ मध्ये गेला. पण हैतीचे लोक काही थांबले नाहीत आणि वरून पिवळा ताप आला, फौजेच्या फौजा झोपल्या, नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर स्वतःही त्यातच गेला. साखरेचं बेटच हातातून गेल्यावर त्याला धान्य पुरवणाऱ्या मुलुखाचं करायचं काय? त्यात इंग्लंडशी लढाई पुन्हा तोंडावर आलेली, इंग्रजांचं आरमार दोन महिन्यांत न्यू ऑर्लिन्स घेणार हे उघड होतं. जाणारच आहे तर पैसे घेऊन जाऊ दे, असा सरळ विचार.

अमेरिकेला मुळात एवढं नकोच होतं. त्यांना हवं होतं फक्त न्यू ऑर्लिन्स बंदर आणि जमलं तर फ्लोरिडा, कारण ओहायो आणि केंटकीकडचा शेतकरी आपला माल तराफ्यांवर घालून मिसिसिपीतून खाली न्यू ऑर्लिन्सला आणायचा आणि तिथून तो जहाजावर चढायचा, आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने (प्रत्यक्ष ताबा अजून स्पेनकडेच होता) तिथे माल उतरवून ठेवायचा हक्कच बंद केला. पश्चिमेकडे बोंबाबोंब. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने पॅरिसमधला अमेरिकेचा राजदूत लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला जेम्स मन्रोला पाठवलं. मन्रो पोचायच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिल १८०३ ला, फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँने लिव्हिंग्स्टनला सहज विचारल्यासारखं विचारलं की सगळंच घ्याल का, किती द्याल. बिचाऱ्याला बहिरेपणा होता, त्याला वाटलं असेल आपण चुकीचं ऐकलं!

नेपोलियनच्या घरातही यावरून भांडण झालं. त्याचा भाऊ लुसियाँने आठवणी लिहून ठेवल्यात, त्यात आहे की लुसियाँ आणि जोसेफ हे दोघे भाऊ जाब विचारायला गेले तेव्हा साहेब टबात अंघोळ करत होते, पाण्यात अत्तर घातलेलं, बोलता बोलता जोसेफने धमकी दिली तसे साहेब टबातून उठले आणि धपकन परत बसले, सगळं पाणी जोसेफच्या अंगावर आणि बाजूला टॉवेल घेऊन उभा असलेला नोकर बेशुद्ध पडला. लुसियाँचा हात तिखटमीठ लावण्यात कमी नव्हता, तेव्हा थोडं सोडून द्या, पण विक्रीला घरात विरोध होता एवढं नक्की.

आता पैसे. दीड कोटीतले १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलर फ्रान्सला द्यायचे, उरलेल्या ३७ लाख ५० हजारात अमेरिकन व्यापाऱ्यांची फ्रान्सकडे थकलेली येणी अमेरिकन सरकारनेच भागवायची. रोख कुठून असणार, अमेरिकेने सहा टक्क्यांचे सरकारी बाँड दिले आणि ते लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी कमी भावात उचलून नेपोलियनला पैसा पोचवला. म्हणजे बघा, मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स लढाई सुरू झालेली, आणि लंडनची पेढी नेपोलियनच्या तिजोरीची सोय करतेय, तेही इंग्लंडच्या सरकारला माहीत असताना. अमेरिकेच्या हातात मुलूख गेलेला बरा, फ्रान्सच्या नको, एवढाच त्यांचा विचार.

आणि जेफरसनची गंमत सांगायची राहिली. हा गडी आयुष्यभर ओरडला की राज्यघटनेत लिहिलंय तेवढंच सरकारने करावं, एक अक्षर जास्त नाही. घटनेत परका मुलूख विकत घ्यायचा अधिकार कुठेच लिहिलेला नव्हता. त्याने घटनादुरुस्तीचे मसुदेसुद्धा केले, मग पॅरिसहून कळलं की उशीर केला तर नेपोलियनचं मन फिरेल, तसे मसुदे गेले खणात आणि सिनेटने ऑक्टोबरमध्ये २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला. आणि विरोधात कोण, तर फेडरलिस्ट, जे आधी सरकारला भरपूर अधिकार हवेत म्हणायचे! सत्तेत कोण आणि विरोधात कोण यावर घटनेचा अर्थ ठरायची सवय फार जुनी आहे, आपल्याकडेच असं होतं असं समजू नका.

बाकी ज्यांच्यामुळे हे घबाड मिळालं त्या हैतीला अमेरिकेने काय दिलं? १८०६ मध्ये व्यापारबंदी, आणि स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली थेट १८६२ मध्ये.

प्रश्न : त्या जमिनीवर आधीपासून राहणारे आदिवासी होते ना, मग फ्रान्सला विकायचा हक्क काय? त्यांना त्यातले किती मिळाले? (पुण्याहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक)

बरोब्बर विचारलंस बघ. त्या दीड कोटीतला एक छदाम त्यांना नाही. फ्रान्सने खरं तर जमीन विकलीच नाही, न्यू ऑर्लिन्सच्या आसपास आणि नदीकाठच्या काही वस्त्या सोडल्या तर फ्रान्सचा तिथे ताबाच नव्हता. विकला तो दावा. म्हणजे इथून पुढे या भागात आदिवासींकडून जमीन घ्यायची तर ती अमेरिकाच घेणार, दुसरं कुठलं युरोपी राष्ट्र नाही, एवढाच हक्क. प्रत्यक्ष जमीन त्यानंतर अनेक दशकं एकेका टोळीकडून तह करून, दमदाटी करून किंवा लढून घेतली.

हे कसं चालायचं त्याचा एक नमुना देतो. नोव्हेंबर १८०४, सेंट लुईस. सॉक लोकांच्या एका तरुणावर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या खुनाचा आरोप, त्याला अटक. त्याला सोडवायला क्वाशक्वामे नावाचा म्होरक्या चारपाच जणांना घेऊन आला. जमिनीबद्दल बोलायचा अधिकार टोळीने त्यांना दिलेलाच नव्हता, ते आले होते माणूस सोडवायला. गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसनने त्यांच्याकडून इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिझुरीतल्या कोट्यवधी एकर जमिनीच्या तहावर खुणा करून घेतल्या. मोबदला २,२३४ डॉलर ५० सेंटचा माल आणि वर्षाला हजार डॉलर. तो तरुण? जेफरसनने माफी दिली, पण सुटायच्या वेळी गोळी घालून मारला त्याला. टोळीतल्या ब्लॅक हॉकने हा तह कधीच मानला नाही आणि १८३२ मध्ये त्यावरूनच लढाई झाली.

आणि हे कुणा एका गव्हर्नरच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. फेब्रुवारी १८०३ मध्ये जेफरसनने याच हॅरिसनला खाजगी पत्र लिहिलंय, त्याचा मतलब असा की सरकारी दुकानं वाढवा, त्यांच्यातल्या बड्या लोकांना उधारीत अडकू द्या, उधारी फेडता येईना झाली की ते आपोआप जमीन तोडून देतील. आपल्या सावकाराची वही आणि सातबारा आठवला ना? फक्त इथे सावकार म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्ष, आणि तोच माणूस ज्याने सगळी माणसं समान असं लिहिलं. परीक्षेत उत्तर लिहिताना १८०३ हे साल लिही, पण मुलूख १८०३ ला अमेरिकेचा झाला असं एका वाक्यात उडवू नकोस.

प्रश्न : अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या जहाजावर लिहिलं गेलं असा मेसेज फिरतोय, खरं का? (ठाण्याहून एक काका)

काका, हा मेसेज मलाही दर सहा महिन्यांनी येतो, आणि नाही हो, असं नाहीये. एचएमएस मिंडेन हे ७४ तोफांचं सागवानी जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलं आणि १८१० मध्ये पाण्यात सोडलं हे अगदी खरं. पण गीत लिहिणारा वकील 'फ्रान्सिस स्कॉट की' सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरवरचा ब्रिटिशांचा तोफांचा मारा बघत होता तो आपल्याच, पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन गलबतावरून. ब्रिटिशांनी पकडलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरला सोडवायला तो टोनंट या ब्रिटिश जहाजावर गेला होता, सुटका कबूल झाली, पण यांनी हल्ल्याची बोलणी ऐकलीत म्हणून लढाई संपेपर्यंत अडकवून ठेवलं. शिवाय ७४ तोफांच्या बोजड जहाजांना बाल्टिमोरच्या किल्ल्याजवळ जायला पाणीच पुरेसं खोल नव्हतं, मारा केला तो लहान बाँब-जहाजांनी आणि एका रॉकेटवाल्या जहाजाने.

पण तुम्हाला मुंबईचा संबंधच हवा असेल तर याहून भारी दोन किस्से आहेत आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही! एक म्हणजे मुंबईतच बांधलेलं एचएमएस कॉर्नवॉलिस. एप्रिल १८१५ मध्ये अमेरिकेच्या हॉर्नेट या छोट्या लढाऊ जहाजाला लांबून हे गबर व्यापारी जहाज वाटलं, लुटायला म्हणून जवळ गेले तर समोर ७४ तोफा! मग जी पळापळ झाली, दोनतीन दिवस कॉर्नवॉलिस मागे आणि हॉर्नेट पुढे, वजन कमी करायला हॉर्नेटवाल्यांनी नांगर, होड्या, सामान, शेवटी तोफासुद्धा समुद्रात फेकल्या तेव्हा कुठे सुटले. दुसरा किस्सा ३० जून १८१५ चा, जावाजवळची सुंदा सामुद्रधुनी. नॉटिलस हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचं जहाज, लेफ्टनंट बॉइसच्या ताब्यात. समोरून अमेरिकेचं पीकॉक आलं. बॉइसने कळवलं की अहो तह झालाय, लढाई संपली. पीकॉकचा कॅप्टन वॉरिंग्टन म्हणाला मग निशाण उतरव. बॉइस म्हणाला नाही उतरवणार. झाडल्या तोफा. नॉटिलसवर माणसं मेली, बॉइसचा पाय कापावा लागला. तहाला तेव्हा सहा महिने होऊन गेले होते, आणि अमेरिका-इंग्लंडच्या त्या युद्धातली ही शेवटची चकमक.

प्रश्न : व्हाइट हाऊस जळाल्याचे डाग लपवायला पांढरं रंगवलं, म्हणून व्हाइट हाऊस, बरोबर? (नागपूर)

नाही. दगडात पाणी मुरू नये म्हणून चुन्याचा पांढरा हात १७९८ मध्येच दिला होता आणि लोक ते नाव जळण्याआधीपासून वापरत होते. ब्रिटिशांनी ते जाळलं २४ ऑगस्ट १८१४ ला, आणि जाळण्याआधी तिथे मांडून ठेवलेलं जेवण जेवले. ते टेबल मांडणारा पॉल जेनिंग्ज, राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा गुलाम, तेव्हा पंधरा वर्षांचा पोरगा, त्याने पुढे स्वतंत्र झाल्यावर १८६५ मध्ये आठवणी छापल्या. त्यात तो स्पष्ट म्हणतो की वॉशिंग्टनचं मोठं चित्र मॅडिसनबाईंनी स्वतः उतरवून नेलं ही लोकांनी उठवलेली गोष्ट, ते उतरवलं दारवान आणि माळी यांनी. बाईंनी ते वाचवायला सांगितलं, श्रेय त्यांचं, पण शिडीवर दुसरे होते.

प्रश्न : आमच्या जवळच्या असईला लढलेला वेलस्ली म्हणजे वेलिंग्टन, तो १८१२ च्या युद्धात अमेरिकेला जाणार होता असं ऐकलं. गेला असता तर? आणि शेवटी हे युद्ध जिंकलं कोण, प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं. (जालना जिल्ह्यातून एक शिक्षक)

सर, ऐकलंत ते खरं आहे. असई सप्टेंबर १८०३ ची, म्हणजे ज्या महिन्यात जेफरसन घटनादुरुस्तीचे मसुदे बाजूला ठेवत होता त्याच महिन्यात आपल्याकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्ली लढत होता. अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १८१४ मध्ये, तो पॅरिसला राजदूत असताना त्याच्या सरकारने विचारलं, अमेरिकेत जाऊन फौजेची सूत्रं घेता का. त्याने जायला नकार नाही दिला पण ९ नोव्हेंबरच्या पत्रात सरळ सुनावलं की उत्तरेच्या सरोवरांवर आरमाराची पकड नसेल तर मी जाऊनही उपयोग नाही, आणि आत्ताची परिस्थिती बघता अमेरिकेकडे मुलूख मागायचा तुम्हाला हक्कच पोचत नाही. दोनच महिन्यांपूर्वी शँप्लेन सरोवरात ब्रिटिश आरमार हरलं होतं, त्याचा हा अर्थ. त्याच्या पत्राने लंडनचं डोकं ताळ्यावर आलं आणि २४ डिसेंबर १८१४ ला गेंट इथे तह झाला.

आता तहात काय, तर जे जिथे होतं तिथेच. अमेरिका ज्या कारणासाठी लढली, म्हणजे ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरून खलाशी जबरदस्तीने उचलून न्यायचं, त्याबद्दल तहात अवाक्षर नाही. व्यापारावरचे ब्रिटिश निर्बंध हे दुसरं मोठं कारण, ते निर्बंध लंडनने उठवले जून १८१२ मध्ये, अमेरिकेने युद्ध पुकारल्यानंतर पाचच दिवसांनी, पण बातमी समुद्र ओलांडून पोचेपर्यंत तलवारी निघाल्या होत्या. कॅनडा घ्यायला गेलेल्या अमेरिकन जनरल हलने उलट डेट्रॉइटच देऊन टाकलं. आणि तहाची बातमी पोचायच्या आत ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सला वेलिंग्टनचा मेहुणा जनरल पेकनम हा अमेरिकन जनरल जॅक्सनच्या तटबंदीवर सरळ चालून गेला आणि मेला, ब्रिटिशांचे दोन हजारांच्या आसपास मेलेले, जखमी आणि पकडलेले, अमेरिकेचे शंभराच्या आत. त्या एका लढाईने अमेरिकन लोकांना वाटलं आपण युद्ध जिंकलं, कॅनडावाल्यांना वाटतं आपण जिंकलं कारण अमेरिका घुसली आणि परत गेली, आणि इंग्लंडमध्ये वॉटर्लूपुढे हे युद्ध कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

माझं मत विचाराल तर जिंकलं कोण यापेक्षा हरलं कोण ते बघा, तिथे वादच नाही. शॉनी टोळीचा टेकम्सेह. त्याचं म्हणणं साधं होतं, जमीन सगळ्या टोळ्यांची मिळून आहे, कुठल्याही एका टोळीला ती विकायचा अधिकार नाही. १८०९ मध्ये हॅरिसनने फोर्ट वेनच्या तहात सुमारे तीस लाख एकर घेतले तेव्हा टेकम्सेह पुढच्या वर्षी व्हिन्सेन्सला जाऊन त्याच्या तोंडावर बोलला, हा तह आम्ही मानत नाही. मग उत्तरेच्या सरोवरांपासून दक्षिणेच्या क्रीक लोकांपर्यंत टोळ्यांना एक करत फिरला. तो दक्षिणेत असतानाच नोव्हेंबर १८११ मध्ये हॅरिसन त्याच्या गावावर चालून गेला आणि गाव जाळलं. १८१२ ला टेकम्सेह ब्रिटिशांना मिळाला तो राजावरच्या प्रेमाने नव्हे, दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ५ ऑक्टोबर १८१३ ला थेम्स नदीकाठी, म्हणजे कॅनडातल्या, ब्रिटिश जनरल प्रॉक्टर पळाला आणि टेकम्सेह लढत मेला.

दक्षिणेत मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडला जॅक्सनने क्रीकांतल्या लढणाऱ्या गटाचे आठशेच्या वर लोक मारले. त्या दिवशी जॅक्सनच्या बाजूने चेरोकी लढले, नदी पोहून पलीकडच्या होड्या त्यांनीच आणल्या. ऑगस्टमध्ये जॅक्सनने फोर्ट जॅक्सनचा तह लादला, २ कोटी ३० लाख एकर काढून घेतले, त्यात आपल्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन! गेंटच्या तहात कलम ९ होतं की आदिवासींना १८११ साली जे होतं ते परत द्या. जॅक्सनला ते कळवलंही गेलं, त्याने ढुंकून पाहिलं नाही आणि वॉशिंग्टनमधून कुणी त्याला विचारलं नाही, लंडननेही नाही. त्या जमिनीवर अलाबामा राज्य आलं, कापूस आला, आणि कापसाबरोबर गुलामांचे तांडे आले. होड्या आणून देणाऱ्या चेरोकींना काय मिळालं ते आदिवासींना हटवायच्या १८३० च्या कायद्यात आहे, जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असतानाच्या, आणि १८३८ मध्ये त्यांना हाकलून मिसिसिपीपलीकडे चालवलं त्यात साधारण सोळा हजारांतले चार हजार वाटेत किंवा छावण्यांत मेले.

आणि हॅरिसन? टेकम्सेहचं गाव जाळल्याच्या भांडवलावर १८४० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. टेकम्सेहला मीच मारलं असं म्हणवून घेणारा रिचर्ड जॉन्सन उपराष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्या आधीच्या निवडणुकीत. सर, मुलांना शिकवताना हे तीन तहनामे शेजारी शेजारी ठेवा, फोर्ट वेन, फोर्ट जॅक्सन आणि गेंट, आणि त्यांनाच विचारा कोण जिंकलं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते, रोज वीहॉकनवरून फेरीने कामाला जाते. हॅमिल्टन आणि बरची पिस्तुलांची लढाई इथेच झाली ना, नक्की कुठे? आणि उपराष्ट्राध्यक्षाने माणूस मारला तर त्याला शिक्षा काहीच नाही?

हो, इथेच, ११ जुलै १८०४ च्या सकाळी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बरने माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला गोळी घातली. पण कड्याखालची ती जागा आता शोधू नका, नंतर रेल्वेसाठी कातळ फोडला त्यात ती गेली. वर कड्यावर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे आणि एक धोंडा, गोळी लागल्यावर त्याने यावर डोकं टेकलं असं सांगतात. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याने प्राण सोडला.

बरवर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडे आरोपपत्र होतं, खटला एकीकडेही उभा राहिला नाही. उलट पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तोच सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर, आणि समोर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती चेस यांच्यावरचा महाभियोग! आणि लोक म्हणाले चांगला चालवला. हॅमिल्टन आणि बरच्या वैरात १८०० च्या निवडणुकीचा मोठा वाटा, जेफरसन आणि बर दोघांना ७३-७३ मतं पडली, प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान झालं, आणि हॅमिल्टनने जेफरसन परवडला पण बर नको म्हणून पत्रांवर पत्रं लिहिली. पद गेल्यावर बर गेला कुठे, तर नव्या पश्चिमेकडे, लुइझियानाच्या बाजूला, तिथे माणसं आणि होड्या जमवायला लागला, स्वतःचं राज्य काढायला की स्पेनचा मुलूख मारायला यावर अजून भांडणं आहेत. १८०७ मध्ये रिचमंडला राजद्रोहाचा खटला झाला, सरन्यायाधीश मार्शलने पुराव्याची अट इतकी कडक लावली की तो सुटला, आणि जेफरसन चडफडत बसला.